उपमा, उत्प्रेक्षा की रूपक? दहावीतल्या मुलीला फरक कसा समजावू?

उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांच्यात कवीने किती अंतर ठेवलंय, ते तिला बघायला सांगा: उपमेत दोन्ही वेगळेच राहतात, फक्त सारखे असतात, उत्प्रेक्षेत एक जणू दुसरंच वाटतं, रूपकात दोन्ही एकच होऊन जातात. मी नौपाड्यात दहावीला मराठी शिकवते. तिथे ठाणे खाडीवरचे फ्लेमिंगो फार कामाला येतात:

– थवा गुलाबी ढगासारखा दिसतो (उपमा)
– थवा म्हणजे जणू गुलाबी ढगच (उत्प्रेक्षा)
– थवा हा गुलाबी ढगच, चिखलात उतरलेला (रूपक)

एका 'जणू'ने किती फरक पडतो बघा. सम, सारखा, प्रमाणे, परी दिसले की उपमा आणि जणू, गमे, भासे, वाटे दिसले की उत्प्रेक्षा, ही गाईडमधली युक्ती बहुतेकदा चालते. पण नुसत्या शब्दावर विसंबू नका. 'घोडबंदरला ट्रॅफिक असेल असं वाटतं' यात 'वाटतं' आहे, अलंकार कुठलाच नाही (भीती आहे, ती वेगळी). म्हणून आधी उपमेय आणि उपमान यांच्याखाली रेघ मारायला लावा. उपमानच सापडलं नाही, तर या तिघांपैकी एकही नाही.