धनगर मेंढपाळाचं आयुष्य कसं असतं? ओव्या, ढोल, गजी नाच हे सगळं जत्रेपुरतंच असतं का?

मी स्वतः मेंढरं राखलेली नाहीत. शाळा बुडेल म्हणून मला गावातच ठेवलं होतं. पण सुट्टीत वाड्यावर राहिलोय, म्हणून आमच्या आबांचंच, म्हणजे आजोबांचंच, सांगतो.

आबा फलटण तालुक्यातले. आमच्याकडे पाऊस जेमतेम, दिवाळी झाली की रानात काडी उरत नाही. नेमकं त्याच सुमाराला कोकणात भात कापून खाचरं मोकळी होतात. मग लोणंद, शिरवळ, भोर करत वरंधा घाट उतरायचा आणि महाडच्या अंगाला जायचं. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, बदल्यात आपल्याला भात. पुढे पुढे रोख पैसे. मृगाच्या आत घाट चढून परत, कारण कोकणातल्या पावसात आमचं दख्खनी मेंढरू टिकत नाही. खूर सडतात.

वाडा म्हटल्यावर शहरातल्या माणसाला दगडी चौसोपी घर आठवतं. आमचा वाडा म्हणजे उघड्यावर उतरलेली तीन-चार बिऱ्हाडं. पहाटे आजी सगळा संसार घोडीवर लादायची. त्यावर कोंबड्या, कोकरं आणि कोकरांशेजारी माझे धाकटे काका. बाप्ये मेंढरांमागे रानानं, बायका रस्त्यानं पुढे. आबा पोचेपर्यंत चूल पेटलेली आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, उभी असायची. चित्रातल्या धनगराच्या खांद्यावर घोंगडं नि हातात काठी असते. घोडीचा लगाम धरलेली बाई कुणी काढत नाही, याचा मला अजून राग येतो.

मेंढरं वाघरीत शिरताना आबा विसा-विसानं मोजायचे. एक कमी भरलं तर जेवण बाजूला.

आता तुमचा खरा प्रश्न. ढोल आणि गजी जत्रेचंच, हे बरोबर आहे. ढोल काही घाटातून कोकणात नेत नसत, तो गावात देवळातच टांगलेला. दसऱ्याला तो खाली उतरायचा. आबा पांढरा अंगरखा, फेटा घालून, हातात रुमाल घेऊन रिंगणात शिरले की हा गुडघे धरून बसणारा माणूस नव्हेच असं वाटायचं. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला ते एकदा मला घेऊन गेले होते. भंडाऱ्यानं सगळा गाव पिवळा, आणि देवाचे मानकरी फरांडेबाबा यांची भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, ऐकायला जीव मुठीत धरून बसलेली माणसं. त्यांना पाऊस कसा पडणार एवढंच हवं असतं.

पण ओवी वेगळी. ओवी कामातच होती. देशावर लांडगा, घाटात बिबट्या आणि सगळीकडे चोर, त्यामुळे वाघरीपाशी रात्रभर कुणीतरी जागं लागायचं. जागं राहायचं तर सुंबरान मांडायचं, देवांचं स्मरण करून बिरोबाची कथा सुरू करायची. एकानं ओळ गायची, बाकीच्यांनी झील धरायची, म्हणजे मागून साथ द्यायची, मग तेवढाच भाग साध्या बोलण्यात सांगायचा, की पुन्हा गाणं. कथा संपायची घाई कुणालाच नसे, उलट उजाडेपर्यंत ती पुरली पाहिजे.

पुण्यात शिकताना मला कळलं की गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यावर लिहिलंही. त्यातली एक कथा मी आबांना वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "बरूबर हाय. पर लईच लवकर संपली की रं."

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कळप विकला. लोकरीला तोवर किंमत राहिलीच नव्हती. कातरणीची मजुरी जास्त व्हायची. आबांनी पैसे मोजून घेतले, विसा-विसानंच, आणि त्यानंतर ओवी बंद. आम्ही म्हटलं, वय झालं.

शेवटच्या वर्षी मी मोबाइल समोर ठेवून हट्ट धरला. आबांनी सुंबरान मांडलं, पहिली ओळ गायली आणि थांबले. मला वाटलं विसरले. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबले. झील धरायला माणूस नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता तशीच आहे, मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर. मग आतून, भाकरी थापता थापता, आजीनं झील धरली. जन्मात कधी शेकोटीपाशी गायली नव्हती ती. पण सगळी कथा तिला पाठ होती, आणि आबा एखादं कडवं गाळू लागले की ती आतून ओरडून परत मागे न्यायची.