क्युबाची ‘नाकेबंदी’ की ‘व्यापारबंदी’?

विचारणा अशी आहे: मराठी वर्तमानपत्रांत क्युबाबद्दल कधी ‘अमेरिकेची नाकेबंदी’ असं छापून येतं, कधी ‘व्यापारबंदी’, तर कधी नुसतं ‘निर्बंध’. १९६२ सालाबद्दल वाचताना मध्येच ‘क्वारंटाईन’ही भेटतं. हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का? आणि मराठीत काय लिहावं?

नाहीत. इथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक जेमतेम महिनाभर टिकली, दुसरी साठ वर्षं उलटून गेली तरी चालूच आहे.

आधी ही दुसरी. १९५९ मध्ये क्युबात क्रांती करून फिडेल कास्त्रो सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी क्युबाने सोव्हिएत कच्चं तेल घेतलं. ते शुद्ध करायला तिथल्या अमेरिकी-ब्रिटिश कंपन्यांनी नकार दिला, म्हणून क्युबाने त्यांचे कारखाने ताब्यात घेतले. अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा कापला, त्यावर क्युबाने आणखी अमेरिकी मालमत्तेचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी अन्न आणि औषधं वगळता बहुतेक निर्यात थांबवली. ३ फेब्रुवारी १९६२ ला त्यांच्यानंतरचे अध्यक्ष केनेडींनी उरलासुरला व्यापारही बंद केला. सही करण्याआधी त्यांनी आपले वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांना हजारभर क्युबन सिगार आणायला पिटाळलं, आणि त्यांनी बाराशे पैदा केले, हा किस्सा खुद्द सॅलिंजर यांनीच सांगितलेला. केनेडींच्या त्या जाहीरनाम्याच्या मथळ्यातच ‘एम्बार्गो’ हा शब्द आहे. आपण आपला माल द्यायचा नाही, त्यांचा घ्यायचा नाही, म्हणजे सरळ व्यापारबंदी. मराठी शब्द चपखल आहे.

गंमत म्हणजे इंग्रजीने ‘एम्बार्गो’ उचलला तो स्पॅनिशमधूनच. स्पॅनिश कायद्यात मात्र त्याचा रोजचा अर्थ जप्ती. कर्ज थकलं, कोर्टाने घरावर टाच आणली, की तो ‘एम्बार्गो’. (‘सिन एम्बार्गो’ म्हणजे तर चक्क ‘तरीसुद्धा’, कोणतंही स्पॅनिश वर्तमानपत्र उघडा, पानभर सापडेल.) आता पाहा, अमेरिकेची क्युबाविरुद्धची मूळ तक्रार जप्तीचीच होती. भरपाई न देता मालमत्ता घेतल्याचे ५,९१३ दावे अमेरिकी आयोगाने मान्य केले, मूळ रक्कम सुमारे १.९ अब्ज डॉलर. म्हणजे स्पॅनिश कानाने ऐकलं तर ‘एम्बार्गो’ क्युबाने केला आणि शिक्षाही ‘एम्बार्गो’चीच मिळाली!

नाकेबंदी ही वेगळी चीज. इंग्रजीतला ‘ब्लॉकेड’ म्हणजे आरमार आणून शत्रूचा किनारा बंद करणं. तो युद्धाचा भाग मानतात, आणि त्याचे नियम आहेत. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी बंधनकारक ठरायची, तर ती प्रत्यक्षात लागू करण्याइतकं बळ तिथे हजर हवं; नुसती कागदावर पुकारून चालत नाही. क्युबाच्या किनाऱ्याने असली अस्सल नाकेबंदी अनुभवली आहे, पण ती १८९८ ची. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेने स्पेनविरुद्धच्या युद्धाची सुरुवातच हवाना आणि उत्तर किनाऱ्याची बंदरं अडवून केली. स्पेन गेला, अमेरिकी लष्करी अंमल आला. तो १९०२ मध्ये उठला, पण ‘प्लॅट दुरुस्ती’ क्युबाच्या घटनेत घालूनच. त्या दुरुस्तीने अमेरिकेला क्युबात हस्तक्षेपाचा हक्क मिळाला, आणि ग्वांतानामोचा तळही तिच्याच आधाराने. तेव्हा हवानात ‘नाकेबंदी’ हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा तो नुसता १९६० नंतरचा राहत नाही.

मग ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्युबात सापडल्यावर केनेडींनी जहाजं अडवायचं ठरवलं. कृती नाकेबंदीची, पण तसं म्हटलं असतं तर युद्ध पुकारल्यासारखं झालं असतं. म्हणून २२ तारखेच्या भाषणात शब्द आला ‘क्वारंटाईन’. हा शब्द राजकारणात अगदी नवा नव्हता. आक्रमक राष्ट्रांना रोग्यासारखं वेगळं काढा, असं अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट १९३७ मध्ये शिकागोच्या भाषणात म्हणाले होते. केनेडींनी एक फरकही जपला. फक्त आक्रमक शस्त्रसामग्री अडवायची, जीवनावश्यक वस्तू नाही. सोव्हिएतांनी १९४८ मध्ये बर्लिनची रसद तोडली तसं आम्ही करत नाही, हे त्यांनी त्याच भाषणात बजावलं. २५ तारखेला ‘बुखारेस्ट’ या सोव्हिएत तेलवाहू जहाजाला जाऊ दिलं. २६ ला ‘मारुक्ला’ नावाचं लेबनॉनी झेंड्याचं मालवाहू जहाज थांबवून तपासलं, काही आक्षेपार्ह मिळालं नाही, सोडून दिलं. ते थांबवणाऱ्या विनाशिकांपैकी एकीचं नाव ‘जोसेफ पी. केनेडी ज्युनिअर’, म्हणजे अध्यक्षांच्या दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या थोरल्या भावाचं. २० नोव्हेंबरला हे क्वारंटाईन उठलं. व्यापारबंदी तशीच राहिली.

याच प्रकरणाला अमेरिकेत ‘क्युबन क्षेपणास्त्र पेचप्रसंग’ म्हणतात, रशियात ‘कॅरिबियन पेचप्रसंग’ आणि क्युबात ‘ऑक्टोबर पेचप्रसंग’. मराठीने अमेरिकी नाव घेतलं, ते आता रुळलं, बदलायचा हट्ट मी धरणार नाही.

तरीही क्युबाचं सरकार आजवर व्यापारबंदीलाच ‘ब्लोकेओ’, म्हणजे नाकेबंदी, का म्हणतं? निव्वळ प्रचार म्हणून सोडून देण्याजोगं हे नाही. दोन देशांनी आपसात व्यवहार बंद केला, तर तो त्यांचा प्रश्न. पण १९९२ च्या अमेरिकी कायद्याने क्युबात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकी बंदरात माल चढवायला-उतरवायला मनाई केली. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने क्युबाने घेतलेली ती मालमत्ता वापरणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही अमेरिकी कोर्टात खेचायची वाट काढली. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने अमेरिकेत जवळपास ९ अब्ज डॉलरचा दंड भरला, सुदान, इराण आणि क्युबा यांच्यासाठी व्यवहार केल्याबद्दल. तिसऱ्याच्या हाताला धरून अडवणं यात आहेच. उलट बाजूने, २००० च्या कायद्यापासून क्युबा रोख मोजून अमेरिकी धान्य आणि कोंबडी विकत घेतो, आणि खऱ्या नाकेबंदीत वेढा घालणाराच कोंबडी पुरवत नसतो. क्युबातलेच टीकाकार तर सरकारच्या जाचक नियमांना ‘अंतर्गत ब्लोकेओ’ म्हणून टोला हाणतात.

संयुक्त राष्ट्रांनी हा वाद मजेशीर रीतीने निभावला आहे. १९९२ पासून आमसभेत हे संपवा असा ठराव येतो, भारतही बाजूने मत देत आला आहे. त्याच्या इंग्रजी मथळ्यात ‘एम्बार्गो’ असतं आणि स्पॅनिश मथळ्यात ‘ब्लोकेओ’. ठराव एकच, ज्याने त्याने आपापला वाचावा.

मराठीत अडचण निराळी. आपल्याकडे नाकेबंदी ३१ डिसेंबरच्या रात्री चौकात होते. हवालदार बॅरिकेड लावून लायसन मागतो. त्यामुळे या शब्दातला युद्धाचा वास आपल्याला येत नाही, आणि बातमीदार तो बिनदिक्कत वापरतो. नेपाळी माणसाला विचारा. २०१५-१६ मध्ये सीमेवर इंधन आणि औषधांचे ट्रक अडकले, तेव्हा नेपाळात ‘भारतको नाकाबन्दी’ हाच शब्द तोंडोतोंडी झाला. भारताने तो सपशेल नाकारला; अडवणूक सीमेपलीकडच्या आंदोलकांची आहे, असं सांगितलं. मोठ्या शेजाऱ्याला हा शब्द का खुपतो, हे तिथे दिसलं.

माझा कौल: स्वतःच्या निवेदनात ‘व्यापारबंदी’ लिहावं. क्युबाचा पक्ष सांगताना त्यांचा शब्द म्हणून अवतरणात ‘नाकेबंदी’. बँका, जहाजं, तिसरे देश यांच्याबद्दल लिहायचं असेल तर ‘आर्थिक कोंडी’ इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना ‘निर्बंध’ कशाला? ‘निर्बंध’ इतका ढगळ आहे की पाणीकपातीलाही चालतो. १९६२ साठी ‘नौदलाची नाकेबंदी’ म्हणावं आणि केनेडींनी तिला ‘क्वारंटाईन’ म्हटलं, हे एकदा सांगून टाकावं. ‘विलगीकरण’ तिथे अजिबात नको. वाचकाला करोनाचे दिवस आठवतील, जहाजं नाही.

‘नाके-’ की ‘नाका-’? दोन्ही चालतात, पोलिसांच्या तोंडी ‘नाकाबंदी’ जास्त, छापील मजकुरात ‘नाकेबंदी’. आणि देशाचं नाव ‘क्युबा’, यु ऱ्हस्व, कारण शेवटचं अक्षर दीर्घ आहे. स्पॅनिश माणूस ‘कूबा’ म्हणतो, पण ते आपल्याकडे रुळायचं नाही.