कॅम्पर ओढत वाळवंट ओलांडताना : इंजिनाआधी मागची दोन चाकं बघा

दोन लहान मुलं, दहा दिवसांचा वाळवंटातला प्रवास, मागे ९०० किलोचा छोटा कॅम्पर (गाडीला जोडून ओढायचं दोन चाकांवरचं छोटं घर) आणि ओढायची पहिलीच वेळ. तुम्ही विचारलंय की इंजिन पुरेल का आणि फ्रिज कोणता घ्यावा. इंजिनाचं उत्तर सोपं आहे. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची मर्यादा दिलेली असते. सामान भरलेला कॅम्पर तिच्यापेक्षा बराच हलका असेल तर पुरेल. चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा आणि खालच्या गिअरवर सावकाश चढा. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. मला खरी काळजी वाटते ती मागच्या दोन चाकांची, कारण त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

गाडीचा टायर बसला तर स्टिअरिंगवर लगेच कळतं. कॅम्परचा बसला तर पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मला तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने दिवे मारून कळवला. दुपारचे दोन वाजले होते, सरळ सपाट रस्ता, गाडी मजेत चालली होती. उतरून बघतो तर टायरचा वरचा पट्टा सोलून निघालेला, त्याने आपटून आपटून चाकावरचा पत्रा फाडलेला आणि सिंकचा पाइपही तुटलेला. नक्षी तर नव्यासारखी होती. पण बाजूवरचा चार अंकी आकडा मी कधी वाचलाच नव्हता. पहिले दोन अंक म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. माझा सात वर्षांचा निघाला. कॅम्पर वर्षभर एका जागी उभा राहतो, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारं होतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर टायर बदलूनच निघा. तिथेच टायरची वेगमर्यादा सांगणारं इंग्रजी अक्षरही असतं : ‘J’ म्हणजे ताशी १०० किमी, ‘L’ म्हणजे १२०. गाडी जास्त पळत असली तरी मर्यादा कॅम्परच्या टायरची धरायची.

हवा पहाटे, टायर गार असताना तपासा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने दुमडतो आणि त्यानेच तापतो. बरेचसे टायर फुटतात ते यामुळे. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नका, गार झाल्यावर ती कमी पडेल. दर थांब्याला खाली उतरून दोन्ही टायर आणि चाकाच्या मधला भाग हाताने बघा. आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्या, मग टेकवा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापली असेल तर हवा, बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, यातलं काहीतरी बिनसलंय. निघण्याआधी बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घ्या. आणि घरीच एकदा कॅम्परचं चाक बदलून बघा. गाडीचा पाना कॅम्परच्या नटांना बसेलच असं नाही, आणि वाळूत जॅक रुततो, म्हणून त्याखाली ठेवायला जाड फळी घ्या.

आता वजन. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे कॅम्पर जोडायच्या कडीवर, कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ९० ते १३५ किलो. मात्र गाडीच्या पुस्तिकेतली हिचची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळा. सगळं सामान भरून, कॅम्पर सपाट उभा करून, पुढच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली साधा वजनकाटा ठेवा. काटा तेवढं वजन पेलणारा आहे ना, हे आधी बघा. भार कमी भरला तर मागचं टोक जड झालंय, आणि जोराच्या वाऱ्यात किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की कॅम्पर डोलायला लागतो. डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. कॅम्परचे ब्रेक वेगळे हाताने लावायची सोय असेल तर फक्त ते लावा.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याची टाकी! ८० लिटर म्हणजे ८० किलो. ती चाकांच्या पुढे असेल तर पाणी संपत जाईल तसा हिचवरचा भार उतरतो, आणि पहिल्या दिवशी नीट चालणारा कॅम्पर चौथ्या दिवशी डोलतो. म्हणून टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा वजन करा. नुसतं पिण्यासाठी माणशी रोज ४-५ लिटर धरा, वर दोन दिवसांचा साठा ठेवा, आणि तो कॅनमध्ये भरून गाडीतच असू द्या. कॅम्पर मागे सोडायची वेळ आली तरी पाणी तुमच्याबरोबर राहील.

फ्रिज १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला घ्या. गॅसवरचा फ्रिज कडक उन्हात दमतो, शिवाय तो सपाट उभा लागतो. गाडीपासून फ्रिजपर्यंतची तार जाड टाका, बारीक तारेत व्होल्टेज पडतं.

पहाटे उजाडता उजाडता निघा आणि अकरा-साडेअकरापर्यंत दिवसाचं अंतर संपवा. मुलांनाही तेच सोसतं. मुक्काम कोरड्या नदीपात्रात कधीच करू नका. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत येतं. गाडी बंद पडली तर चालत मदत शोधायला जाऊ नका, गाडीपाशीच सावली करून थांबा. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

काट्यावर दोन्ही वजनं घेतलीत की आकडे आणि टाकी नेमकी कुठे आहे ते इथे लिहा. कुठलं सामान पुढे घ्यायचं आणि कुठलं मागे, ते मी सांगतो.