तीस तारखेचा माल

नोकरी-धंद्यातले प्रश्न. औषधविक्रीच्या लाइनमध्ये एमआरपासून (म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणाऱ्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हपासून) रीजनल मॅनेजरपर्यंत काम करून निवृत्त झालेले आमचे सल्लागार वाचकांना उत्तरं देतात.

प्रश्न : सर, मी लातूर हेडक्वार्टरला, म्हणजे कंपनीनं नेमून दिलेल्या गावाला, एमआर आहे. वय २६, शिक्षण बी. फार्म. कंपनी मोठी नाही, पण मोठं व्हायची घाई फार. कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि एक टॉनिक, एवढ्यावर महिन्याला साडेतीन लाखांचं टार्गेट. बाजारात खरा खप सव्वादोन लाखांच्या आसपास. पंचवीस तारीख उलटली की सकाळी आठला कॉन्फरन्स कॉल आणि रात्री साडेनऊला 'आज किती झाले?' असा मेसेज. ग्रुपवर रोज यादी पडते, तळाच्या तिघांची नावं लाल रंगात. गेल्या महिन्यात स्टॉकिस्टनं (कंपनीचा माल घेऊन केमिस्टना देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यानं) माल घ्यायला नकार दिला, तेव्हा साहेब म्हणाले, "त्याला तुझे पैसे दे आणि माल उतरव, पुढच्या महिन्यात अ‍ॅडजस्ट करू." मी दाजींकडून चाळीस हजार घेऊन दिले. अ‍ॅडजस्ट काहीच झालं नाही. आता पुन्हा तेच चाललंय, या वेळी चेक मागतात. घरच्यांना वाटतं, पोरगा टाय लावून जातो म्हणजे बरं चाललंय. सगळ्याच कंपन्यांत असं असतं का? नोकरी सोडू का? – एक वाचक, लातूर

उत्तर : वयानं तुम्ही माझ्या मुलापेक्षा लहान आहात, पण आमच्या लाइनमध्ये कालचं पोरगंसुद्धा 'सर' असतं, म्हणून अहो-जाहोच करतो.

आधी पैशांचं. या महिन्यात एक रुपया द्यायचा नाही आणि चेक तर मुळीच नाही. उद्या माल खपला नाही आणि स्टॉकिस्टनं तुमचा चेक बँकेत टाकला आणि तो वटला नाही, तर चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली केस तुमच्यावर होते, साहेबांवर नाही. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे. साहेब तोवर बदली होऊन नागपूरला गेलेले असतील.

साहेबांना तुमचा चेक का लागतो, तेही समजून घ्या. कंपनीच्या भिवंडीच्या डेपोतून स्टॉकिस्टच्या नावानं बिल फाटलं की कंपनीच्या वहीत विक्री झाली. ती प्रायमरी. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे माल गेला की सेकंडरी. डॉक्टरनं लिहिलं आणि पेशंटनं पाकीट विकत घेतलं, ती विक्री मात्र कुठल्याच टार्गेटमध्ये बसत नाही. ती फक्त केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून आरसीपीए केला, म्हणजे कुठल्या डॉक्टरचं काय खपतं ते तपासलं, तर कळते. बक्षीस प्रायमरीला, बोलणी प्रायमरीवरून, मग माणसं प्रायमरीच करतात. तुमचाच हिशेब घ्या. दर महिन्याला साडेतीन लाखांचं बिल आणि सव्वादोन लाखांचा खप, म्हणजे सव्वा लाखाचा माल गोडाऊनमध्ये पडून. अशा तीन महिन्यांत पावणेचार लाख साठतात. तुमच्या खऱ्या खपाच्या दीडपटीहून जास्त. यात कुणी एक गोळीही जास्त खाल्लेली नसते.

आणि खरा घोळ पुढेच आहे. माल पडून राहिला की स्टॉकिस्टचं पेमेंट रखडतं. पेमेंट रखडलं की डेपो त्याचं बिलिंग बंद करतो. मग टॉनिकच्या बाटल्यांनी रॅक भरलेले असताना, जी कॅल्शियमची गोळी खरंच चालते तीच संपते. केमिस्ट डॉक्टरला फोन करून सांगतो, "ही मिळत नाही, दुसरी देऊ का?" तुम्ही चार महिने ओपीडीबाहेर बॅग धरून उभे राहून मिळवलेलं प्रिस्क्रिप्शन एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीला जातं. वर्ष-दीड वर्षानं एक्स्पायरीचे खोके परत येतात आणि मीटिंगमध्ये विचारणा होते, "लातूरचं रिटर्न एवढं का?" विचारणारे बहुधा तेच साहेब असतात.

मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून आकडा कसा येतो ते सांगतो. मुंबईत बसून गेल्या वर्षाच्या विक्रीवर पंधरा-वीस टक्के चढवतात आणि हेडक्वार्टरांत वाटून टाकतात. तुमच्याकडचा कॅल्शियम लिहिणारा सगळ्यात मोठा ऑर्थो, म्हणजे हाडांचा डॉक्टर, पुण्याला गेला का, हे कुणी विचारत नाही. एरिया मॅनेजरच्या हाताखाली पाच-सहा पोरं, त्याचा इन्सेंटिव्ह सगळ्यांच्या बेरजेवर. अठ्ठावीस तारखेला दोन लाख कमी पडत असतील तर तो काय करतो? जुना, खमक्या एमआर "नाही" म्हणून मोकळा होतो. नवीन पोरगं नाही म्हणत नाही. मऊ लागलं की कोपरानं खणायचं, दुसरं काय! तुम्ही एकदा चाळीस हजार दिलेत, आता तुमचं नाव 'उचलणारा' म्हणून त्याच्या डोक्यात पक्कं झालं आहे. टार्गेट पूर्ण न करणारा एमआर साहेबाला चालतो, कारण त्याच्याकडून किती येणार हे तो धरून चालतो. पण खिशातून भरणारा फारच आवडतो.

आता काय करायचं. फोनवर पुन्हा तसं सांगितलं, की फोन ठेवल्यावर लगेच साधा, नम्र ईमेल टाका : "आपण सांगितल्याप्रमाणे स्टॉकिस्टला माझा चेक देणं मला शक्य नाही. स्टॉकिस्टकडचं आजचं क्लोजिंग (शिल्लक मालाचा हिशेब) सोबत जोडलं आहे." तक्रार नको, कायद्याची भाषा नको, मोठ्या साहेबांना कॉपी नको. माझा अनुभव असा, की तोंडी रागावणारे लोक लेखी आलं की एकदम शांत होतात. असलं काही कुणाला कागदावर नको असतं. स्टॉकिस्टचं क्लोजिंग स्टेटमेंट दर महिन्याला शिक्का मारून घ्या आणि एक प्रत घरी ठेवा.

चाळीस हजारांचा माल स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये आहे, पण पैसे तुमचे आहेत. एखाद्या दुपारी, गर्दी नसताना जाऊन बसा आणि त्याच्याकडून हे लिहून घ्या, की इतक्या मालाचे पैसे तुम्ही दिलेत आणि तो खपेल तसतसे परत मिळतील. गंजगोलाईच्या बाजारात धंदा करणारा माणूस पोराचे पैसे बुडवायला सहसा धजत नाही, कारण उद्या सगळ्या कंपन्यांच्या एमआरना ते कळणार असतं. त्याच वेळी चालणाऱ्या गोळीच्या ऑर्डरी केमिस्टांकडून आणून द्या, म्हणजे त्याचाही गाडा हलेल. आलेले पैसे पहिल्यांदा दाजींना.

कायद्याचंही थोडं. एमआर लोकांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला होता, तो पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. लेखी नेमणूकपत्र हा तुमचा हक्क आहे. टार्गेट झालं नाही म्हणून पगार कापणं आणि इन्सेंटिव्ह न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्सेंटिव्ह अटीवर असतो, पगार नसतो. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यात आहे आणि 'टार्गेट बुडालं' हे त्या यादीत नाही.

सगळीकडे असंच असतं का? टार्गेट सगळीकडे असतं. रात्रीचा मेसेज, लाल यादी, कॉन्फरन्स कॉलवर सगळ्यांदेखत झालेली बोलणी, हेही बहुतेक ठिकाणी असतं, आणि ज्याला ते अजिबात सोसत नाही त्यानं विक्रीत राहू नये, यात कमीपणा नाही. पण खिशातून माल उचलायला लावणं सगळीकडे नसतं. जिथे मीटिंगमध्ये सेकंडरी आणि क्लोजिंग आधी विचारतात, तिथे दबाव असला तरी काम खरं असतं. कोणती कंपनी कशी आहे, हे शोधायला इंटरनेट नको. स्टॉकिस्टला विचारा, कुणाचा माल परत पाठवावा लागतो? चहा संपायच्या आत चार नावं सांगेल. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेला दुसऱ्या कंपनीचा एमआर उरलेलं सांगेल. या लाइनमध्ये नोकऱ्या तिथेच कळतात.

सोडा, पण तीस तारखेला रागात सोडू नका. दुसरीकडचं पत्र हातात घ्या, राहिलेली एक्स्पेन्स बिलं आधी पास करून घ्या, सॅम्पल आणि बॅग परत दिल्याची पोच घ्या. राजीनाम्यानंतर उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा, असं वेतन संहितेत लिहिलेलं आहे. कंपन्या 'फुल अँड फायनल'च्या नावाखाली लांबवतात, तेव्हा हे वाक्य ईमेलमध्ये वापरा. आणि इंटरव्ह्यूत साडेतीन लाखांची प्रायमरी सांगू नका. छोट्या कंपनीचा माल लातूरसारख्या ठिकाणी महिन्याला सव्वादोन लाख खराखुरा खपवतो, आणि क्लोजिंगच्या शिक्क्यानिशी दाखवू शकतो, असं सांगा. समोर जाणता माणूस असेल तर त्याला दुसरं काही ऐकायचं नसतं.

प्रश्न : माझा मुलगा खाजगी बँकेच्या शाखेत आहे. मार्च जवळ आला की रात्री नऊ-साडेनऊला घरी येतो, जेवत नाही. गेल्या वर्षी मामा, काकू आणि शेजारचे जोशी या सगळ्यांना त्यानं विमा पॉलिसी दिली. आता म्हणतो, "आई, तुझ्या एफडीतले एक लाख दे, फक्त सही कर." नाही म्हणवत नाही. – एक आई, सांगली

उत्तर : ताई, सही करण्याआधी त्याला एवढंच विचारा : हे एक लाख एकदाच, की दर वर्षी? बहुतेक वेळा दर वर्षी असतात, दहा-बारा वर्षं. तुमच्या व्याजातून ते झेपणार आहेत का, हे मुलालाही ठाऊक आहे. त्याला महिनाअखेरीचं एक 'लॉगिन', म्हणजे आकड्यात धरली जाणारी एक नवी पॉलिसी, हवं आहे. घरच्यांची यादी संपली की पुढच्या मार्चला काय, हे त्याच्या मॅनेजरनंही ठरवलेलं नसतं.

नातेवाइकांपैकी कुणी अगदी अलीकडे पॉलिसी घेतली असेल आणि ती नको असेल, तर कागद हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. यानं मुलाचा आकडा पडेल, हे खरं. पडू द्या. एफडीवर किंवा लॉकरसाठी विमा घ्यावाच लागतो, असं शाखेत कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

मुलाला रागावू नका. हे त्याच्या शाखेपुरतं नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचा हट्ट होता. तो पुरा करायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली हे बाहेर आलं तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलेलं होतं, आणि त्यातले बहुतेक खालच्या पायरीवरचे होते. आकडा ठरवणाऱ्यांची पाळी फार उशिरा आली. मुलाला हे जेवताना सांगा, मार्चमध्ये नको, एप्रिलमध्ये. मार्चमध्ये फक्त जेवायला वाढा, आणि एफडीची पावती कपाटात राहू द्या.

प्रश्न : सेल्सच्या नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. काय विचारू? – एक वाचक, धुळे

उत्तर : विचारा, "ही जागा रिकामी का झाली आणि आधीचा माणूस किती दिवस होता?" फिक्स पगार किती आणि इन्सेंटिव्ह धरून किती, हे वेगवेगळं लिहून मागा. शक्य असेल तर आधीच्या माणसाचा नंबर मिळवून इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी त्याला फोन करा.