घरी पियानो रेकॉर्ड करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर) : मुलीसाठी यामाहा पी-४५ हा डिजिटल पियानो घेतला आहे. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी पेटी) आणून हेडफोनच्या जॅकमधून एका केबलने जोडला. रेकॉर्डिंग पोकळ येतं आणि मागे सतत घूं-घूं चालू असते. इंटरफेस बदलावा का?

उत्तर : बदलू नका, घोळ केबलचा आहे. पी-४५ला रेकॉर्डिंगसाठी वेगळं लाइन आउट नाही. हेडफोनच्या जॅकमधूनच डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनल बाहेर येतात. टीआरएस (पिनेवर तीन भाग असलेली) केबल सरळ एका इनपुटला लावली, की इंटरफेस त्यांना बॅलन्स्ड सिग्नलच्या, म्हणजे एकच आवाज उलटसुलट नेणाऱ्या, दोन तारा समजतो आणि एकातून दुसरा वजा करतो. दोन्हींत सारखं असलेलं सगळं पुसलं जातं, उरतो फक्त फरक. पोकळपणा येतो तो यामुळेच.

एका टोकाला ६.३५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय-केबल घ्या. पिना इनपुट १ आणि २ला लावा. ‘इन्स्ट’ (गिटारसाठीचं) आणि ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला वीज देणारं) ही इंटरफेसवरची दोन्ही बटणं बंद ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये १-२ ही स्टिरिओ जोडी निवडा. पियानोचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून मुलीला सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन (इंटरफेसवरची आवाजाची वाढ) द्या. लाल दिवा लागला, तर तो भाग पुन्हा वाजवावा लागेल, कारण फाटलेला डिजिटल आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

घूं-घूंसाठी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. आवाज थांबला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. सगळी उपकरणं एकाच थ्री-पिन बोर्डवर घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग जमिनीशी जोड कमकुवत होतो. खड्ड्यात पाणी घालायला लागतं. घूं-घूं जाते म्हणून अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका. त्यात जिवाला धोका आहे.

पियानोच्या मागच्या यूएसबीमधून आवाज येत नाही, फक्त मिडी येतं, म्हणजे कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद. तेही सोबत रेकॉर्ड करून ठेवा, चुकलेला स्वर नंतर दुरुस्त करता येतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : घरी जुना अपराइट (उभ्या तारांचा) पियानो आहे. कोणते माइक घ्यावेत? दोन यूएसबी माइक चालतील का?

उत्तर : दोन यूएसबी माइक घेऊ नका. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, त्यामुळे लांबच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. दोन इनपुटचा इंटरफेस आणि लहान डायफ्रामच्या (पडद्याच्या) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, कंडेन्सर माइकची जुळवलेली जोडी घ्या. बजेट कमी असेल तर बेहरिंगर सी-२, थोडं जास्त असेल तर रोड एम५. गाण्यासाठी घेतलेला शुअर एसएम५८ माइक घरात असला, तरी पियानोला तो तोकडा पडतो. हातोडीच्या आघातातला लखलखीतपणा त्यात पुरता येत नाही.

वरचं झाकण उघडा. तारांपासून २५-३० सेंमी वर, एक माइक खर्जाकडे आणि एक तारसप्तकाकडे, दोघांत साधारण ६० सेंमी अंतर ठेवा. हातोड्यांची खटखट फार येत असेल, तर पियानो भिंतीपासून निदान दोन फूट पुढे ओढा आणि माइक मागच्या साउंडबोर्डकडे, म्हणजे आवाज पसरवणाऱ्या लाकडी फळीकडे, वळवा. आवाज जाडसर येईल, पण खटखट घटेल. कुठलीही जागा पक्की करण्यापूर्वी दोन्ही ट्रॅक मोनो करून, म्हणजे एकात मिसळून, ऐका. आवाज पातळ झाला, तर एक माइक दहा सेंमी सरकवा. बहुतेक लोक हे रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर ऐकतील, म्हणून ही पायरी टाळू नका.

खोलीवरही खर्च करा, पण तो बाजारात नव्हे. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर स्लॅब असेल, तर टाळी वाजवल्यावर खणखणीत पडसाद उठतो. तोच माइकमध्ये येतो. सतरंजी अंथरा, पियानोसमोरच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा.

कूलरचं वेगळं सांगावं लागेल. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद ठेवाल, पण त्याची दमट हवा दिवसभर पियानोवर येत असेल, तर साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतो. कूलर बंद करून कोरडी हवा मिळाली, की सूर उतरतो. ट्यूनिंगच्या आधी काही दिवस कूलर त्या खोलीतून हलवा, नाहीतर ट्यूनर गेल्यावर आठवड्यात सूर घसरतो.

प्रश्न (परभणी) : ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची ९६,००० मोजमापं) रेकॉर्ड केलं तर आवाज सुधारेल का?

उत्तर : कानाला फरक कळणार नाही. पियानोचा सर्वांत वरचा स्वरही साधारण ४,१८६ हर्ट्झवर असतो, त्याच्या उपस्वरांना ४८ किलोहर्ट्झ पुरेसा आहे, कारण सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचे स्वर त्यात टिपले जातात. २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई) मात्र सोडू नका, त्यामुळे गेन कमी ठेवला तरी हळू वाजवलेला भाग गोंगाटात बुडत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे तासाला एक जीबी धरा.