पॉईंट्स आहेत, विमानात जागा पण आहे, मग सीट का मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं एकाच एअरलाईनचे पॉईंट्स साठवले, आता सुट्टीच्या दिवसांत दोघांसाठी बिझनेस क्लास काढायला गेलात तर महिनाभरात एकही तारीख दिसत नाही, आणि त्याच विमानाचं तिकीट पैसे देऊन मात्र लगेच मिळतंय, तर ही फसवणूक आहे का आणि हे पॉईंट्स वापरायचे तरी कसे. मी गेली बारा वर्षं पॉईंट्स साठवतोय आणि वापरतोय, नोकरीत फिरती होती त्यातून सुरुवात झाली, त्यामुळे तुमचा वैताग मला पुरेपूर कळतो. नियमांच्या भाषेत ही फसवणूक नाही. पण ज्या आशेवर हे पॉईंट्स गळ्यात मारले जातात ती आशा खरी असते असंही मी म्हणणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे सीट मॅप, कुठल्या सीटा मोकळ्या आहेत हे दाखवणारा विमानाचा नकाशा. रिकामी सीट वेगळी आणि पॉईंट्सवर मिळणारी सीट वेगळी. प्रत्येक केबिन आतून भाड्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली असते, प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर असतं, आणि पॉईंट्सच्या सीटला स्वतःचा वेगळा कप्पा असतो. स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकांचे पॉईंट्स चालवून घेणाऱ्या एअरलाईन्सच्या एका गटात, साधारणपणे इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय, फर्स्टला ओ. मला हे कळलं ते एका हेल्पलाईनवर. रात्री उशिरा फोन लावला होता, समोर लॅपटॉपवर सीट मॅप उघडा, बिझनेसच्या अर्ध्याहून जास्त सीटा मोकळ्या दिसत होत्या आणि मी त्या बाईंशी वाद घालत होतो की जागा आहे हो, मला दिसतेय. त्या बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, सर मी तुम्हाला माझ्या स्क्रीनवरचं वाचून दाखवते, "जे" नऊ, "सी" नऊ, "डी" सहा, "आय" शून्य. पहिले तीन बिझनेसचे पैशाने विकायचे कप्पे, शेवटचा पॉईंट्सचा. नऊ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त, त्याच्या पुढे तो आकडा दाखवतच नाहीत. म्हणजे विकायला किमान नऊ सीटा होत्या आणि माझ्यासाठी शून्य. मोकळ्या सीटा मोजत बसण्यात मी आधीचे तीन आठवडे घालवले होते.

आता तो शून्य कोण ठरवतं? हे गणित जुनं आहे. १९७२ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला, की स्वस्तातली सीट तेव्हाच विका जेव्हा त्यातून मिळणारी रक्कम ही नंतर महाग तिकीट घेणारा येण्याची शक्यता गुणिले त्याचं भाडं यापेक्षा कमी नसेल. पुढे कॉम्प्युटर आले, मॉडेल्स गुंतागुंतीची झाली, पण मूळ हिशोब हाच. पॉईंट्सच्या सीटमागे एअरलाईन हिशोबात जी रक्कम धरते ती बिझनेसच्या पूर्ण भाड्यापुढे किरकोळ असते, त्यामुळे ती सीट पैशाने विकली जायची थोडी जरी शक्यता असली तरी पॉईंट्सवाल्याला नाही म्हणण्यातच त्यांचा फायदा. सुट्टीच्या दिवसांत ही शक्यता जास्तच असते. थोडक्यात तुम्हाला जी सीट मिळते ती विकली जाणार नाही असं त्यांना वाटतं ती सीट. माझं तर म्हणणं आहे की हे एक वाक्य पॉईंट्स साठवायला लागायच्या आधीच प्रत्येकाला सांगायला हवं.

सुरुवात तशी वाईट नव्हती. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाईन्सने अ‍ॅडव्हांटेज हा नेहमीच्या प्रवाशांना पॉईंट्स द्यायचा कार्यक्रम सुरू केला, पाठोपाठ युनायटेडने, आणि कल्पना सरळ होती की नाहीतरी रिकामी जाणारी सीट नेहमीच्या प्रवाशाला बक्षीस द्यायची. पण पॉईंट्स वाटणं सोपं आणि सीटा तेवढ्याच. १९८८ मध्ये अमेरिकनने सीटांवर मर्यादा आणि काही तारखांना बंदी घातली, ती सुद्धा लोकांनी आधीच कमावलेल्या माइल्सवर (पॉईंट्सचंच दुसरं नाव), त्यावरून केस थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९५ मध्ये निकाल लागला की राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली दावा चालणार नाही, कराराचा भंग झाला एवढाच दावा करता येईल. आणि करारात तर बहुतेक सगळीकडे लिहिलेलं असतं की नियम कधीही बदलू शकतात, मग हातात काय राहिलं सांगा. पुढे डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये किती पॉईंट्सला कुठली सीट हे सांगणारे तक्तेच काढून टाकले, आता पॉईंट्सचा भाव पण मागणीप्रमाणे वरखाली होतो. म्हणजे सीट "उपलब्ध" दिसते पण मागतात कित्येक पट. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने आपला माइलेजप्लस हा पॉईंट्सचा कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, यावरून कळेल की पॉईंट्स छापून बँकांना विकणं हा केवढा मोठा धंदा आहे. बँका ते क्रेडिट कार्डावर वाटतात, कार्ड घासणारे वाढतायत, पॉईंट्स वाढतायत, आणि बिझनेसच्या सीटा आहेत तेवढ्याच.

बरं, आता वापरायचे कसे. सीटा सुटायच्या दोन वेळा असतात. एक, बुकिंग कॅलेंडर उघडतं तेव्हा, म्हणजे एअरलाईनप्रमाणे साधारण ३३० ते ३६० दिवस आधी. ब्रिटिश एअरवेज ३५५ दिवस आधी उघडतं आणि आपल्या प्रत्येक विमानात ठरावीक सीटा पॉईंट्ससाठी ठेवण्याची हमी देतं, असं करणारे फार थोडे. दुसरी वेळ म्हणजे उड्डाणाच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे, तोपर्यंत विकली नाही तर मग सोडून देतात. मधले सात-आठ महिने कोरडे, आणि आपण सगळे नेमके तेव्हाच शोधत बसतो, तुम्ही पण बहुतेक तेच करताय. परतीची तारीख जातानाच्या तारखेनंतर उघडते त्यामुळे दोन्ही एकत्र काढायची वाट बघू नका, जायचं वेगळं काढा, यायचं वेगळं.

दुसरं म्हणजे दोघांसाठी शोधताना आधी एकासाठी शोधून बघा. दोन सीटा मागितल्या आणि कप्प्यात एकच असली तर सिस्टीम सरळ "नाही" म्हणते, एक आहे हे सांगतच नाही. मी आणि बायको दोनदा एकाच दिवशी वेगवेगळ्या विमानांनी गेलोय, जराही वाईट वाटलं नाही. शिवाय तुमच्या पॉईंट्सवर फक्त त्याच एअरलाईनचं विमान मिळतं असं नाही, ती ज्या अलायन्समध्ये असेल तिथल्या बाकीच्या एअरलाईन्स पण बघा, लेओव्हर, म्हणजे मधे उतरून दुसरं विमान पकडणं, चालत असेल तर पर्याय एकदम वाढतात. उलट बाजू अशी की चांगल्या सीटा बरेच जण स्वतःच्या मेंबर्ससाठी राखून ठेवतात, पार्टनरच्या पॉईंट्सवाल्याला त्या दिसतच नाहीत.

आणि हे मात्र नीट वाचा. क्रेडिट कार्डाचे पॉईंट्स एअरलाईनकडे ट्रान्सफर केले की परत येत नाहीत. माझ्या बाबतीत झालं असं की एका एअरलाईनच्या साईटवर पार्टनरच्या विमानात दोन सीटा दिसल्या, मी घाईघाईत सगळे पॉईंट्स तिकडे वळवले, नावं, पासपोर्ट नंबर, सगळं भरलं, टॅक्सचे पैसे द्यायच्या शेवटच्या पानावर "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा". पहाटे दोनपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. सकाळी हेल्पलाईनवर कळलं की पार्टनरकडे त्या सीटा नव्हत्याच, साईटवर जुनी माहिती दिसत होती. याला फँटम अव्हेलेबिलिटी म्हणतात, भुतासारखी सीट, दिसते पण हाताला लागत नाही. ते पॉईंट्स दीड वर्ष तिथेच अडकून पडले आणि शेवटी एका साध्या तिकिटात घालवावे लागले. तेव्हापासून मी ट्रान्सफरच्या आधी तीच सीट त्याच अलायन्समधल्या दुसऱ्या एअरलाईनच्या साईटवर दिसते का बघतो, किंवा फोन करून विचारतो, आणि दोन्हीकडे असेल तरच हात घालतो. अजून एक, पॉईंट्सचा आकडा कमी बघून हुरळून जाऊ नका, काही एअरलाईन्स वर इतका सरचार्ज लावतात की इकॉनॉमीचं तिकीट पैशाने काढलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, शेवटचं पान उघडून एकूण रक्कम बघितल्याशिवाय ठरवू नका.

तुमच्या जागी मी असतो तर ऐन सुट्टीच्या गर्दीचे दिवस सोडून आठवडाभर अलीकडे पलीकडे सरकलो असतो, एकेका सीटने शोधलं असतं, आणि तारीख हलवणं शक्यच नसेल तर फक्त रात्रभराच्या लांब प्रवासाला बिझनेस आणि दुसऱ्या बाजूला पैशाने इकॉनॉमी असं केलं असतं. त्याआधी आज पॉईंट्सची मुदत तपासा, कारण सिंगापूर एअरलाईन्ससारख्या काही ठिकाणी माइल्स ३ वर्षांनी संपतात आणि तुमचे चार वर्षांचे आहेत. मुदत जवळ आली म्हणून कुठलंतरी तिकीट काढून नंतर रद्द करायचा विचार असेल तर आधी नियम वाचा, रद्द केल्यावर पॉईंट्स परत येतात ते बऱ्याचदा जुन्याच मुदतीने, आणि मधल्या काळात मुदत संपली असली तर ते गेलेच.