‘शाळांचे प्रशासक’ आणि पगाराची ‘वैधानिक’ मर्यादा

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यावरच्या एका लेखाच्या अनुवादात ‘सार्वजनिक शाळांच्या प्रशासकांच्या पगारावर वैधानिक मर्यादा’ असं लिहिलं तर चालेल का?

शब्दकोश उघडून कुणी चूक काढू शकणार नाही, पण वाचकाला भलतंच कळेल. आपल्याकडे प्रशासक बसतो तो नगरपालिकेची मुदत संपून निवडणूक लांबली की, किंवा एखादी बँक बुडायला आली की. ‘शाळांचे प्रशासक’ वाचल्यावर संस्थाचालकांनी घोळ घातला असणार, असंच वाटेल. मुळात विषय आहे सुपरिंटेंडंटचा, म्हणजे शाळा-मंडळ नेमतं त्या, आपल्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा. त्याला ‘अधीक्षक’ही करू नका. शाळेच्या संदर्भात अधीक्षक एक तर वसतिगृहाचा, नाहीतर शिक्षकांची पगारबिलं काढणाऱ्या वेतन पथकाचा. आणि पगाराच्याच लेखात वेतन पथक आठवलं तर झालंच! ‘शिक्षणाधिकारी’ बराच जवळचा, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा. न्यू जर्सीत कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे भाग, २१ आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका शाळा-मंडळाचे भाग, सहाशेच्या आसपास. मी ‘सुपरिंटेंडंट’च ठेवेन आणि पहिल्या उल्लेखाला अर्धं वाक्य खर्च करेन. ‘सार्वजनिक शाळा’ऐवजी सरळ ‘सरकारी शाळा’. सार्वजनिक गणपती असतो, वाचनालय असतं.

खरा घोटाळा ‘वैधानिक’मध्ये, म्हणजे ‘कायद्याने घातलेली’मध्ये आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०११ मध्ये, क्रिस क्रिस्टी गव्हर्नर असताना लागू झाली, ती शिक्षण खात्याच्या नियमांनी. विद्यार्थीसंख्येप्रमाणे टप्पे पाडले होते आणि वरची रेघ होती १,७५,००० डॉलर, म्हणजे गव्हर्नरच्या पगाराइतकी. फार मोठ्या डिस्ट्रिक्टना सवलतीची वाट ठेवली होती. पुढे अनुभवी माणसं निवृत्त होऊ लागली, काही शेजारच्या न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात गेली. २०१७ मध्ये मर्यादा सैल केली. २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फींनी त्यावर सही केली, आणि त्या कायद्याने ही मर्यादाच उठवली! ‘वैधानिक मर्यादा’ लिहिलं की कायद्याने जे काढलं, ते कायद्यानेच घातलं असं होतं. तेव्हा ‘शासकीय नियमांनी घातलेली’ म्हणा.

‘मर्यादा’च्या आधी ‘कमाल’ हवंच. १९६१ च्या जमीन धारणेच्या कायद्यामुळे ‘कमाल मर्यादा’ आपल्या गावोगावी माहीत आहे. मर्यादा कशावर, हे सांगताना ‘वेतन’ लिहावं, ‘मिळकत’ नको, कारण कामगिरीवरचा बोनस या मर्यादेबाहेर मिळू शकत होता. आणि मथळ्यात ‘पगाराला कात्री’ असेल तर तेही काढा. चालू करारांना मुदत संपेपर्यंत हात लावला नव्हता, मर्यादा नव्या करारांना होती.